ग्लव्ह बॉक्स रिकामा निघाला

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — लेकीजवळ नाही, देवापुढेसुद्धा हात जोडून गप्पच बसते. तुम्ही समोर बसला आहात असं समजते, म्हणजे जमेल.

माझे जावई निखिलराव. इथं अमेरिकेत, शुगर लँडला त्यांचं औषधांचं दुकान. एकदा दुकानात चोर शिरले, तेव्हापासून त्यांनी पिस्तूल घेतलं, रीतसर लायसन्स काढलं. गाडीत ते ग्लव्ह बॉक्समध्ये, म्हणजे पुढच्या सीटसमोरच्या खणातच असायचं. माणूसच तसा — बाटलीवरचं लेबल वाकडं लागलेलं खपत नाही.

गणपतीत निखिलराव आणि मी मंडळात नैवेद्य घेऊन निघालो होतो. मांडीवर मोदकांचा डबा, आणि गुडघ्यांसमोर ते पिस्तूल! निखिलराव घराचं दार लावायला गेले, तेवढ्यात मी नॅपकिनमध्ये धरून ते त्यांच्या सीटखाली सारलं. सांगणार होते — राहून गेलं. की सांगायचंच नव्हतं?

वाटेत पोलिसानं थांबवलं. मागचा दिवा गेला होता, एवढंच. हसतमुख पोरगा. निखिलरावांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून लायसन्सचं सांगितलं, पिस्तूल ग्लव्ह बॉक्समध्ये आहे म्हणाले. त्यानं उघडून पाहिलं — रिकामा. त्याचं हसू गेलं. दुसरा एखादा असता तर त्यानं पुन्हा नीट विचारलं असतं. पण अशा वेळी सगळं समोरच्याच्या मनावर. यानं त्यांना उतरवलं, बेड्या घातल्या, भर उन्हात रस्त्याच्या कडेला बसवलं.

पिस्तूल सापडलं. मग त्यानं मला विचारलं, तुम्ही काही हलवलंत का? प्रश्न कळला मला. पण म्हातारीला इंग्रजी धड येत नाही असा चेहरा केला — आणि नाही म्हणून मान हलवली. घाबरले होते? हो. पण बेड्या काढून, समज देऊन त्यानं सोडलं, तेव्हा कसली भीती होती? घरी चहा करताना कसली?

"सॉरी हं आई," ते म्हणाले, "मीच कुठं ठेवलं ते विसरलो."

तेव्हापासून त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला. दुकानात एकच औषध पुन्हापुन्हा तपासतात. केतकी, माझी लेक, चिडवते, "निखिल, डोकं आणलंयस ना बरोबर?" सगळे हसतात. मीही हसते. आत काही हलत नाही आता.

रोज निघताना ते दारातून वळतात. "आई, गॅस बंद केला ना हो मी?"

"केलात हो," मी सांगते. मग ते निर्धास्त जातात. मी सांगितलं की त्यांना पटतं.