मोतीरामच्या अठ्ठावीस पेट्या

मोतीराम सरकटे आमच्या गावचा विहिरी खोदणारा. जानेफळपासून दोन कोसांवर आमचं गाव, आणि आसपासच्या पाच-सात गावांतल्या निम्म्या विहिरींना त्याचा हात लागलेला. एका विहिरीत सुरुंगाचा दगड उडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. हाड जुळलं, पण वाकडं. विहिरीत उतरणं त्या दिवसापासून बंद झालं. तेव्हा तो पस्तिशीत असेल. घरी बायको चांगुणा आणि तो. मूलबाळ नव्हतं.

मी त्या वेळी गावच्या शाळेत मास्तर होतो. १९६६च्या जानेवारीत एका सरकारी खात्याचा कॅम्प गावाबाहेरच्या पडीक जमिनीत उतरला. तंबू, एक ट्रक आणि बोर पाडायचं मशीन. पाणी काढायला नव्हे, खाली कोणता दगड आहे ते बघायला ते लोक आले होते. मशीनच्या पोकळ नळीच्या तोंडाला हिरे बसवलेले असत. नळी दगड कापत खाली जाई आणि वर ओढली की तिच्यातून दगडाची गोल, गुळगुळीत कांडी निघे, मनगटाएवढी जाड. त्या कांड्या निघाल्या त्याच क्रमानं लाकडी पेट्यांच्या खाचांत मांडायच्या आणि पेटीवर फुटांचा आकडा रंगानं लिहायचा. त्या कामाला आणि राखणीला बसून काम करणारा, चार अक्षरं येणारा माणूस हवा होता. मोतीराम चौथी शिकलेला. त्याला ठेवून घेतलं.

कॅम्पचे मुख्य साठवणे साहेब नागपूरचे. तरुण होते, बोलायला माणूस लागायचा, आणि मोतीरामसारखा ऐकणारा त्यांना मिळाला. मोतीरामला दगड हातानं माहीत होते. मुरूम कुठं संपतो, कोणता फत्तर पहारीला दाद देतो, कोणता देत नाही, भोकाभोकांचा मांजऱ्या दगड लागला की पाण्याची आशा का धरायची, हे त्याला कळत होतं. पण ते तसं का, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं.

सहा-सात कोटी वर्षांमागे इथली जमीन फाटली आणि भेगांतून वितळलेला दगड पाण्यासारखा पसरला. निवला, थांबला. पुन्हा फाटली, पुन्हा पसरला. असे थरांवर थर. थराच्या मध्यावरचा रस सावकाश निवला, म्हणून तो एकजीव काळा फत्तर झाला. वरच्या अंगाला वाफेचे बुडबुडे अडकले, त्याचा मांजऱ्या झाला. पुढं पाणी त्या भोकांतून झिरपत राहिलं आणि भोकं पांढऱ्या स्फटिकांनी भरली. दोन थरांमध्ये जी माती साचली होती ती वरून आलेल्या रसानं भट्टीतल्या विटेसारखी भाजून लाल झाली. मोतीराम हे सगळं मला शाळेच्या ओट्यावर बसून सांगायचा. बोलता बोलता हातानं थर दाखवायचा.

एकदा त्यानं साहेबांना विचारलं होतं, की एवढा फत्तर तर आता असाच राहणार ना? साहेब म्हणाले, राहत नाही. उन्हापाण्यानं तो फुटतो, त्याचीच ही काळी माती होते. माती वाहत जाऊन तळ्यासमुद्राच्या तळाशी बसते, दाबली जाऊन तिचाही दगड होतो. तो आणखी खोल गेला की ताप आणि भार यांनी त्याची जात बदलते. चुनखडीचा संगमरवर होतो, चिखलाचा पाटीचा दगड होतो. त्याहून खोल गेला तर वितळतो आणि पुन्हा वर येतो.

"आपल्याले वाटते दगड पडून हाय," मोतीराम मला म्हणाला, "पन थो चालूनच राह्यला, गुरुजी. आपून तेवढं जगत नाही म्हनून दिसत नाही."

मार्चमध्ये तीनशे अकरा फुटांवर एक कांडी फिकट राखी रंगाची निघाली. वीतभरच थर होता. त्यात बारीक गोगलगाईंचे शंख होते, दगड झालेले. साहेब उन्हात मांडी घालून भिंगातून बघत बसले, जेवायला उठले नाहीत. रस ओतला जायचा मध्ये थांबला होता, तेवढ्या काळात इथं तळं झालं होतं आणि त्यात जीव राहत होते, असं त्यांनी सांगितलं. ही कांडी मोठ्या लोकांना दाखवायची होती. वरचे-खालचे थर जागेवर असले तरच तिला किंमत, म्हणून एकही तुकडा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, असं त्यांनी मोतीरामला दोन-तीनदा बजावलं.

चारशे बारा फुटांवर मशीन थांबलं. वरून तार आली, कॅम्प हलवा. ट्रकमध्ये मशीन आणि तंबू भरल्यावर पेट्यांना जागा उरली नाही. अठ्ठावीस पेट्या ग्रामपंचायतीच्या रिकाम्या गोदामात लावल्या. साहेब म्हणाले, आठ दिवसांत ट्रक परत येईल. मोतीरामला त्यांनी सहीशिक्क्याची चिठ्ठी दिली: पेट्या याच्या ताब्यात आहेत, अन्य कोणास देऊ नयेत.

ट्रक आला नाही.

पहिलं वर्ष मोतीराम रोज गोदामात जाऊन पेट्या झाडायचा. माझ्याकडून पोस्टकार्डं लिहून घ्यायचा. दोन वर्षांत मी नऊ कार्डं लिहिली. उत्तर एकच आलं: सदर कॅम्प कार्यालय बंद झाले असून आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठविण्यात आला आहे. योग्य तो विभाग कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. साठवणे साहेबांची बदली आसामकडे झाली, एवढं कुणाकडून तरी कळलं. एकदा मोतीराम एसटीनं मेहकरला गेला आणि तहसिलीत तीन टेबलांवर चिठ्ठी दाखवून आला. एकानं ती वाचून विचारलं, पेट्यांत नक्की काय आहे? दगड म्हटल्यावर त्यानं ती परत दिली.

गावातल्या बायकांना मात्र त्या कांड्यांचा उपयोग लगेच कळला होता. एवढा गुळगुळीत, गोल, आयता वरवंटा कुठं मिळतो? चांगुणेची सख्खी बहीण जनकाबाई मागायला आली, तिलाही मोतीरामनं नाही म्हटलं. ती वर्षभर बोलली नाही.

मग बहात्तरचं साल आलं. पाऊस लागोपाठ हुकलेला. त्या दिवाळीनंतर दुष्काळी कामावरच्या लोकांसाठी सुकडीची, म्हणजे कोरड्या पौष्टिक पिठाची, पोती येऊ लागली आणि ती ठेवायला गोदाम हवं झालं. सरपंच उत्तमराव स्वतः मोतीरामच्या घरी गेले. मीही होतो. उत्तमराव दांडगाई करणारा माणूस नव्हता.

"मोतीराम, तुह्या चिठ्ठीचा मान म्या सहा वर्सं ठेवला," ते म्हणाले. "आता लोकायच्या पोटाचं ठेवाले जागा नाही. तूच सांग, काय करू?"

 मी शाळेची पडवी द्यायला बघितली, पण तिथंही पोतीच येणार होती. शेवटी पेट्या बैलगाडीतून मोतीरामच्या घरी गेल्या. दोन खणांचं घर. एका खणात भिंतीला लागून पेट्यांची थप्पी उभी राहिली. चुलीपाशी चांगुणेला पाय लांब करायला जागा उरली नाही.  त्या हिवाळ्यात सरपणही मिळेनासं झालं. बाभळी तोडून संपल्या होत्या, गुरं विकली गेल्यामुळं गोवऱ्या नव्हत्या. पेट्यांचं लाकूड कोरडं ठणठणीत होतं. मोतीरामनंच एक-एक पेटी सोडवून तिला लाकूड दिलं आणि कांड्या भिंतीशी रांगेनं रचल्या. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी खडूनं आकडे घातले. मी त्याला शाळेतले खडू दिले, तेवढीच माझी मदत.

गावची सगळी माणसं तेव्हा खडीच्या कामावर होती. दगड फोडून खडीचा ढीग लावायचा, आठवड्याला मुकादम नारायणराव येऊन माप घेणार. माप भरलं नाही तर हजेरीवरून नाव कमी, आणि नाव गेलं की सुकडीही गेली. मोतीराम आणि चांगुणा दोघं बसत. हातोडा चालवायला पाय लागत नाही, म्हणून तो बरोबरीनं फोडी. फेब्रुवारीत चांगुणेच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर घाव बसला. बोटं काळीनिळी होऊन सुजली, दगड धरवेना. त्या आठवड्यात ढीग गुडघ्याएवढाही झाला नव्हता आणि मापाला दोन दिवस उरले होते.

मी हजेऱ्या तपासायच्या सरकारी कामावर तिथं गेलो होतो, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. सकाळची वेळ. चांगुणा गावाकडून डोक्यावर टोपलं घेऊन आली, मोतीरामसमोर उतरवलं. टोपल्यात कांड्या होत्या. ती उभी राहिली. मोतीरामचा हातोडा थांबला. आता तो ओरडेल असं मला वाटलं.

त्यानं विचारलं, "वरच्या आनल्या का खालच्या?"

"मले काय समजते वरचं न् खालचं," चांगुणा म्हणाली. "हाताले लागल्या थ्या आनल्या. तुमाले फोडवत नसन तं मी फोडतो एका हातानं."

त्यानं टोपल्यातली एक कांडी उचलली, उन्हात फिरवून पाहिली. पांढऱ्या स्फटिकांची होती. मग खालच्या दगडावर आडवी ठेवून घाव घातला. कांडी एका घावात दुभंगली. दुसरी घेतली. चांगुणा तशीच गावाकडे वळली, आणखी आणायला. आजूबाजूचे लोक फोडत राहिले, कुणी मान वर केली नाही. दोन दिवसांत तिनं किती फेऱ्या केल्या ते मी मोजलं नाही. माप भरलं. पुढच्या आठवड्यातही बोटं बरी झाली नव्हती.

ती खडी जानेफळच्या रस्त्यावर पडली.

घरात ज्या थोड्या कांड्या राहिल्या त्यांना क्रम राहिला नव्हता. मोतीरामनं त्या मागणाऱ्या बायकांना देऊन टाकल्या. पहिली जनकाबाईला नेऊन दिली.

पंचाहत्तरच्या डिसेंबरात एक जीप आली. नऊ वर्षांनी. पाठक नावाचे अधिकारी होते, सभ्य माणूस. कुठल्याशा जुन्या अहवालात त्यांना या बोरची आणि शंखांच्या थराची एक ओळ सापडली होती, तसा थर आजूबाजूला कुठं कुणाला मिळालेला नव्हता. पेट्या कुठं आहेत, असं त्यांनी पंचायतीत विचारलं. उत्तमरावांनी मोतीरामला बोलावलं आणि मलाही.

मोतीरामनं चिठ्ठी त्यांच्यापुढं ठेवली. मग घडलं ते सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चांगुणेचं नाव तेवढं घेतलं नाही. फोडल्या म्या, असं म्हणाला. पाठक साहेब रागावले नाहीत. चिठ्ठी वाचून त्यांनी परत सरकवली. तेव्हा मोतीराम म्हणाला, "साहेब, कांड्या गेल्या. पन मले समदं पाठ हाय. लिहून घ्या."

आणि तो सांगू लागला. चार फुटांपर्यंत काळी माती. एकोणीसपर्यंत मुरूम. त्रेपन्नपर्यंत काळा फत्तर, त्यात सदतिसाव्या फुटाला उभी चीर. मग मांजऱ्या, भोकं आधी रिकामी, साठाच्या पुढं भरलेली. एक्याऐंशीला लाल थर, चार बोटं. तो डोळे मिटून सांगत होता, बोटं मांडीवर एक-एक कांडी ठेवल्यासारखी सरकत होती. शंभर, दोनशे, तीनशे अकरा. शंखांचा थर केवढा, त्याला वर कसली कड होती, खाली कसली, शंख किती दिसत होते. चारशे बारापर्यंत तो कुठं अडखळला नाही.

पाठक साहेबांनी मध्येच पेनाला टोपण लावलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही सांगता ते खरंच असेल. पण हातात नमुना नसताना मला हे लिहिता येत नाही. लिहिलं तरी कुणी ग्राह्य धरणार नाही."

"दुसरा बोर पाडा मंग तिथंच," मोतीराम म्हणाला.

ते आपल्या हातात नाही, असं साहेब म्हणाले. त्यांनी एक कागद पुढं केला: नमुने उपलब्ध नाहीत. मोतीरामनं सही केली. जीप गेली.

मोतीरामनं मला विचारलं, त्यांनी काहीच लिहिलं नाही का? मी नाही म्हणालो. मग मला वाटलं, मी तर लिहू शकतो. कुणी धरो न धरो. शाळेतली एक कोरी वही घेतली आणि रविवारी-रविवारी त्याच्या घरी बसू लागलो. त्याला घाई नव्हती. एकेका कांडीवर तो अर्धा तास बोलायचा. ती निघाली तेव्हा ऊन कसं होतं, साहेब काय म्हणाले, सगळं त्यात यायचं. एकशे चौसष्ट फुटांपर्यंत आलो आणि जूनमध्ये माझी बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, संग्रामपूरला. दिवाळीच्या सुटीत येऊन पुरं करू असं ठरलं.

दिवाळीला आलो तेव्हा मोतीराम अंथरुणावर होता. पोळ्याच्या सुमारास त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तोंडातून एक 'हाव', म्हणजे हो, तेवढा निघे. चांगुणेनं मला पाट दिला. मी वही काढली, एकशे चौसष्टच्या पुढं काय लागलं ते विचारलं. काळा फत्तर का? हाव. मांजऱ्या का? हाव. लाल थर का? त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. मी विचारायचं थांबवलं.

चांगुणा चहा घेऊन आली. तिनं बशीत ओतून, फुंकून त्याला घोट-घोट पाजला, पदरानं त्याची हनुवटी पुसली. मला म्हणाली, "रोज काहीतरी सांगाले पाहतेत हे. मले कधी इचारायची बुद्धी झाली नाही, गुरुजी. घरातच होतं समदं."

दुपारची एसटी होती. मी उठलो.