किसनभाऊंची मोकळी खुर्ची

दुपार कलली की किसनभाऊ ग्रामपंचायतीच्या अंगणात एक लाकडी खुर्ची मांडायचे. ती धोतराच्या सोग्यानं पुसायचे आणि मग तिच्याभोवतीचं सगळं अंगण शेणानं सारवून काढायचे. त्यांचा उजवा पाय अधू होता, तो ओढत ओढत ते मागं सरकायचे. सारवून झालं की हात धुऊन आत जायचे आणि रेडिओ लावायचे. छपरावरच्या भोंग्यातून कुठल्याशा परमुलखातलं नाचाचं संगीत गावभर घुमायचं. अंगणात चिटपाखरूही यायचं नाही. तासाभरानं ते रेडिओ बंद करायचे, सारवणावर कुठं पाऊल उमटलंय का ते वाकून पाहायचे, खुर्ची आत न्यायचे आणि मला म्हणायचे, "आज नाई जमलं बापा. उद्या पाहू."

मी त्या गावात नवा ग्रामसेवक होतो. मालेगावहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्यापासून कोसभर आत ते गाव. मोठा दुष्काळ नुकताच मागं पडला होता, आणि सरकारनं पंचायतीला एक रेडिओ दिला होता. शेतीची माहिती, बाजारभाव आणि भजनं लोकांनी एकत्र बसून ऐकावीत, हा हेतू. किसनभाऊ त्या रेडिओचे राखणदार. दिवेलागणीला बाजारभाव लागले की अंगण भरून जायचं. पोती टाकून, उकिडवे बसून, तंबाखू मळत लोक ऐकायचे. त्याआधीचा तास मात्र किसनभाऊंचा होता. त्या तासाला अंगणच काय, समोरचा रस्तासुद्धा ओस पडायचा. गुरं घेऊन येणारी माणसं मागच्या पांदणीनं लांबचा फेरा घालून जायची. मला हे विचित्र वाटलं. पण नव्या माणसाला गावातलं सगळंच विचित्र वाटतं, म्हणून मी गप्प राहिलो.

गप्प बसू दिलं नाही ते तालुक्याच्या विस्तार अधिकाऱ्यांनी. एकदा ते नेमके त्याच वेळी मोटारसायकलवरून आले. भोंगा वाजतोय, अंगण चकचकीत सारवलेलं, मध्ये रिकामी खुर्ची. "एवढा भोंगा वाजून राह्यला आन् ऐकाले कुत्रं नाई?" ते मला म्हणाले. "नाचाचे गाणे लोक काहून ऐकत नाईत, जरा चौकशी करा. पुढच्या बैठकीत सांगा मले." साहेबांचं कुतूहल अशा वेळी हुकूम होऊन खालच्या माणसाच्या बोकांडी बसतं.

मी घरोघर विचारत हिंडलो. भाषा समजत नाही, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "नाचाचं गाणं बसून कसं ऐकाव साहेब? आन् नाचाव तं घरी लग्न पायजे." त्यात तथ्य होतं. आमच्याकडं पुरुष नाचतो तो वरातीत, नाहीतर मिरवणुकीत. उगाच पाय हलवला तर लोक विचारतात, कोणाचं लग्न काढलं रे? बायांना तर तीही सोय नाही. ही कारणं मला पटली, पण ती सांगताना कोणी माझ्याकडं पाहत नव्हतं. आणि एवढ्यासाठी कोणी गुरं पांदणीनं वळवत नाही.

शेवटी शेवंताबाईंनी सांगितलं. त्या पंचायतीत पाणी भरायच्या. हंडा खाली ठेवून त्यांनी आधी आत किसनभाऊ नाहीत याची खात्री केली.

"त्याईच्या मधुकरसाठी वाजते ते," त्या म्हणाल्या. "एकुलतं एक पोट्टं होतं. हळद लागली, मालेगावचा बँड आला, पोट्टं घामाघूम होईस्तोर नाचलं. मंग पाय धुवाले एकलंच विहिरीवर गेलं. हळदीच्या अंगानं एकलं जाऊ नाई, साहेब. ते वापस आलंच नाई. सकाळी विहिरीतून काढलं त्याले."

हळद लागलेला, पण लग्न न झालेला मुलगा गेला, तर सरणावर ठेवण्याआधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावायचं, अशी तिकडं रीत होती. नाहीतर तो लग्नाच्या आशेनं फिरत राहतो म्हणतात. गावानं रुईची फांदी आणलीही होती. किसनभाऊंनी ती हिसकावून मोडली. माझ्या पोराचं लग्न झाडाशी लावता का, म्हणून ते साऱ्या गावावर धावून गेले. मधुकरला तसंच नेलं.

"मंग हा रेडिओ आला. एक दिवस खुंटी फिरवता फिरवता त्याच्यात बँडासारखं वाजलं. किसनभाऊ जे उठले, ते अंगण साराले लागले. बिनालग्नाची वरात वाजली तं कोण येईन, तुमीच सांगा. कोणाच्या बापाची हिंमत हाये तिथं बसाची?"

मी हसलो. आमचं घर बौद्ध. माझे वडील सांगायचे की धर्मांतराच्या वर्षी आमच्या घरातून देव आणि भुतं एकाच दिवशी बाहेर गेली, आणि नंतर जागा किती मोकळी झाली. मी त्याच मोकळ्या घरात वाढलेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम अंगणात गेलो आणि त्या खुर्चीवर बसायला निघालो.

"तिथं नोका बसू साहेब," किसनभाऊ दारातून म्हणाले. आवाजात राग नव्हता. "ती जागा धरून ठेवली हाये. तुमी इकडं ओट्यावर बसा."

तेव्हापासून मी रोज ओट्यावर बसू लागलो. त्या केंद्राचा मी एकुलता एक हयात श्रोता. संगीत यायचं ते लाटेसारखं, मध्येच खरखरीत बुडायचं, पुन्हा वर यायचं. किसनभाऊ खुंटीवर बोट ठेवून बसायचे. त्यांना त्यातली एकच चाल हवी होती, मालेगावच्या बँडवाल्यानं त्या दिवशी क्लॅरिओनेटवर वाजवली तशी. ती कधीतरी एकदा लागली होती, पुन्हा लागली नव्हती. मी कंटाळून उठलो की म्हणायचे, "लावणाऱ्यानं लावत राहाव, साहेब. मधीच बंद केलं तं निंघालेला माणूस अर्ध्या वाटेवरून वापस जाते."

एकदा मी सरळच विचारलं, "किसनभाऊ, मेलेलं माणूस येतं यावर तुमचा खरंच विश्वास आहे?"

"आंधी नव्हता," ते म्हणाले. "म्हणून तं ते रुई मोडली. आता वाटते, माह्या हट्टापायी पोट्टं बाहेर ताटकळून राह्यलं असन तं?" मग रेडिओ बंद करून ते सारवण पाहायला उठले. त्या दिवशी प्रथमच मीसुद्धा त्यांच्याबरोबर वाकून पाहिलं. का, ते मला सांगता येणार नाही. पाऊल नव्हतं.

पुढं सरपंच नामदेवरावांच्या मुलाचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी पंचायत बोलावली. नामदेवराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी हात जोडूनच सांगितलं, "किसनभाऊ, माह्या घरी हळद लागून राह्यली. पोराचं अंग तापून राह्यलं हाये. बायको दोन दिस जेवली नाई. हे वाजणं आता बंद करा."

किसनभाऊंनी वाद घातला नाही. कमरेची रेडिओच्या खोलीची चावी काढून माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "उद्याचा एक दिवस द्या मले. मंग कवाच नाई लावत." मी चावी उचलून त्यांच्या हातात परत दिली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच गावची सगळी दारं लागली. पोरं आत ओढली गेली, कुत्रीसुद्धा कुठं दिसेनात. मी अंगणात आलो तेव्हा सारवण नुकतंच झालं होतं. खुर्चीवर जुनं बाशिंग ठेवलेलं होतं, त्याचा कागद पिवळा पडलेला, आणि शेजारी नवरदेवानं हातात धरायची कट्यार. समोर एका मडक्यात रुईचं रोप होतं, मुळासकट, हळद लावलेलं. किसनभाऊ आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभे होते. हातात अंतरपाट.

"दुसरं टोक धराले कोणी नाई, साहेब," ते म्हणाले. "तुमी या गोष्टी मानत नाई, मले ठावं हाये. नुस्तं धरा."

मी जोडे ओट्यापाशी काढले आणि टोक धरलं. माणसाला मदत करायला भूत मानावं लागत नाही, असं मी मनाला सांगितलं. रेडिओत नुसती खरखर चालली होती. आम्ही दोघं तसेच उभे. सूर्य अंगणाकडेच्या कडुलिंबामागं गेला, आणि त्या खरखरीतून क्लॅरिओनेट वर आलं. किसनभाऊंचा चेहरा पाहूनच मला कळलं की चाल तीच आहे. माझ्या हातातलं कापड त्याच वेळी खुर्चीच्या बाजूनं हळूच फुगलं, पलीकडून कोणी टेकावं तसं. लिंबाचं पान हलत नव्हतं. तरी वारा असेल.

किसनभाऊंनी अंतरपाट खाली घेतला, अक्षता टाकल्या आणि नाचायला लागले. मुलाच्या वरातीत बाप नाचतो तसे, दोन्ही हात वर करून, अधू पाय ओढत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर खुर्चीवर नव्हती. अगदी जवळ, समोरच्या माणसाकडं पाहावं तशी होती. चाल संपली. पुन्हा खरखर. त्यांनी आत जाऊन रेडिओ बंद केला.

"लागलं लग्न," ते म्हणाले. "उद्यापासून नुस्ते बाजारभाव लावा."

सारवण पार तुडवलं गेलं होतं. एका म्हाताऱ्याच्या नाचानं एवढं तुडवलं जात नाही, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, जात असेल. मी जोडे घातले आणि घरी निघालो. वाटेतल्या पहिल्या घरासमोर मातीत पिवळे तांदूळ पडले होते. पुढच्या घरासमोरही. प्रत्येक बंद दाराच्या फटीतून कोणीतरी अक्षता बाहेर टाकल्या होत्या, नामदेवरावांच्या घरातूनसुद्धा. सगळं गाव कान देऊन ऐकत होतं. बहुधा पहिल्या दिवसापासून ऐकत होतं.

बैठकीत विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं, श्रोते का येत नाहीत, सापडलं का कारण? मी म्हटलं, साहेब, भाषा समजत नाही लोकांना.

किसनभाऊ त्यानंतर दीड-दोन वर्षं जगले. अंगण त्यांनी पुन्हा सारवलं नाही. ते गेल्याचं कळलं तेव्हा माझी बदली झालेली होती, तरी मी गेलो. गावात मौत झाली की त्या दिवशी रेडिओ लावत नसत. पण तिरडी पंचायतीसमोर आली, आणि नामदेवरावांनी स्वतः आत जाऊन खुंटी फिरवली. भोंग्यातून तेच परमुलखातलं वाजणं सुरू झालं. दारं सगळी सताड उघडी होती आणि माणसं उंबऱ्याबाहेर उभी होती.

तिरडीपुढं आगीचं मडकं घेऊन मुलगा चालतो. किसनभाऊंना कोणी उरलं नव्हतं, म्हणून मडकं पुतण्यानं धरलं होतं. पण तो मधून चालत नव्हता. रस्त्याच्या कडेकडेनं, अंग चोरून चालत होता. तिरडीच्या बरोबर पुढं माणूसभर जागा मोकळी होती आणि सगळा जमाव ती सांभाळून चालला होता. मी शेवंताबाईंकडं पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, "न्याले आला हाये तो."

मी या गोष्टी मानत नाही. पुढं जाऊन खांदा द्यायचा होता, आणि सरळ वाट त्या मोकळ्या जागेतूनच होती. मी वळसा घालून गेलो.