पाठ फिरवलेली दोघं

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल चार ओळी लिहाव्यात असं बरेच दिवस मनात आहे. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा झालं तसंच सांगतो.

घरात तिला आम्ही चिमी म्हणतो. साठी उलटली, उंचीने माझ्यापेक्षा जास्त, तरी चिमीच. पुस्तकं बांधायला ती वडिलांकडून शिकली. पुस्तक दाबून धरणारा त्यांचा लोखंडी शिकंजा आमच्या पुढच्या खोलीत आहे. स्वयंपाकघरात जायचं तर अंग चोरून जावं लागतं. मुलांच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं तिच्याकडे येतात. त्याखेरीज काम आता उरलेलं नाही. लोक पुस्तक फाटलं की नवं आणतात.

गेल्या वर्षी त्यात एक जपानी चित्रकथा आली. वाचनालयातल्या मुली तिला मँगा म्हणतात. वाचून वाचून पानं सुटली होती. चिमीने ती हातात घेतली आणि कपाळावर हात मारला.

"दादा, बघ, पुस्तकाची पाठ उजवीकडे! उलटं बांधलंय मेल्यांनी."

"असेल त्यांची काही पद्धत."

"पद्धत कसली, आंधळा कारभार!"

तिने जुन्या गोंदाची कड कापून टाकली, पाठ, म्हणजे पानं जोडलेली बाजू, डावीकडे घेतली, वर छान निळं कापड चढवलं आणि खुशीत पोचवून आली.

आठवड्याच्या आत वाचनालयाच्या बाई दोन मुलींना घेऊन दारात.

"मावशी, हे पुस्तक उजवीकडूनच उघडतं हो. आणि ही प्रत आता कुठे मिळत नाही."

वेणीवाल्या मुलीने मधलं पान उघडून दाखवलं. गोष्ट एका शाळकरी मुलीची. तिला शाप असा, की मनातल्या मुलाबद्दल 'मला तो मुळीच आवडत नाही' असं खोटं म्हटलं की आसपासच्या सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या सुटतात, आणि तो बिचारा दर वेळी तोंडावर आपटतो. मधल्या दोन पानांवर दोघं अखेर समोरासमोर येतात. एका पानावर ती, दुसऱ्यावर तो. चिमीने पाठ फिरवल्यामुळे पानांच्या बाजू बदलल्या आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली.

"मावशी, तुम्ही यांचं भांडण लावून दिलंत!"

"आणि नाकांचे शेंडे कुठे गेले?" दुसरीने विचारलं.

ते गोंदाच्या कडेबरोबर गेले होते. चिमीचा चेहरा उतरला.

"कमिटीपुढे हे ठेवावं लागेल," बाई हळूच म्हणाल्या. "मग काम दुसरीकडे जाईल. नीट होत असेल तर बघा."

त्या गेल्यावर चिमीने पुस्तक शिकंज्यावर ठेवून उलटसुलट करून पाहिलं. आणखी कापलं तर गालही जाणार. शेवटी तिने ठरवलं, पानं डावीकडून नुसती सोडवायची, प्रत्येक पानाला उजवीकडे पातळ कागदाची पट्टी चिकटवायची आणि त्या पट्ट्या बांधायच्या. पण उजवीकडून वाचतात कसं, हे कळल्याशिवाय हात लावायचा नाही. आजवर तिने पुस्तकांचे नुसते पानांचे आकडे वाचलेले. ती गोष्ट वाचायला बसली, आणि स्वयंपाकघरात मला तिचं हसणं ऐकू आलं.

"बावळट आहे रे ही! आवडतो म्हणून सांगून टाकायचं, तर लोकांच्या नाड्या सोडत बसलीय."

"आधी पट्ट्या लाव."

"थांब, आत्ताच पडलाय तो."

पुस्तक द्यायला पिशवी घेऊन मीही गेलो. बाईंनी ते उजवीकडून उघडलं. दोघं समोरासमोर होती, पण मध्ये पट्ट्यांची बोटभर पांढरी जागा.

"एवढं अंतर?" वेणीवाली म्हणाली.

"पहिलीच भेट आहे, असू दे," चिमी म्हणाली.

दुसरीने दप्तरातून पेन्सिल काढून बाईंकडे पाहिलं.

"काढ. पण हलक्या हाताने."

तिने पट्टीवर नाकांचे दोन शेंडे काढले. त्याचा जरा लांबच झाला. बाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी कपाटातून पुढचा भाग काढून चिमीपुढे ठेवला.

"हाही सुटायला आलाय. कमिटीला मी सांगते."

चिमीने तो बरोबर उजवीकडून उघडला.

"यात तरी खरं बोलते का ती?"

"सांगणार नाही!" मुली एकदम ओरडल्या.

घरी येताना पिशवी तिने माझ्या हातात दिली नाही.