सात दिवस आळणी

"लघवीला लाज नसते, लाज आपल्याला," म्हणत बाई पांढरा डबा पुढे करायच्या. तुम्हीही तिथं असता तर पदर तोंडाला लावला असता. आमच्या बायका डबा पिशवीत आणि पिशवी पदराखाली घालून न्यायच्या.

बाई सांगलीहून मीठ आणि ब्लडप्रेशरचा अभ्यास करायला आमच्या गावी आल्या होत्या. सात दिवस नेहमीचं जेवण, मग सात दिवस आळणी. रोज प्रेशर मोजायचं, दिवसभराची लघवी डब्यात साठवायची. समाजमंदिरातला स्वयंपाक माझ्याकडे होता. मी अबोल, तरी भाजी निवडताना त्या मला सगळं सांगायच्या. मूत्रपिंडात मीठ परत अंगात ओढून घेणारे बारीक दरवाजे असतात. ते कसे घडवायचे हे अंगातच लिहिलेलं असतं. शरीर त्या लिखाणातले काही तुकडे गाळतं, उरलेले जोडतं. जोडणी बदलली की दरवाजा बदलतो. त्यामुळे काही माणसांचा दरवाजा जास्त मीठ ओढतो का, हे त्यांना शोधायचं होतं. एकाच कापडातून वेगवेगळी झंपरं बेतावीत तसं मला वाटलं.

"जरा टेकते," म्हणून त्या भिंतीला पाठ लावायच्या, तेवढ्यात कुणीतरी हाक मारायचं. चहा हातातच गार व्हायचा.

माझ्या सासूबाईही अभ्यासात होत्या. आळणीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ताट सारलं. "ह्ये खाऊन जगण्यापरीस मिठानं मेलेलं बरं." उपाशी राहतील म्हणून मी गुपचूप त्यांच्या आमटीत मीठ घालू लागले.

इतरांचं प्रेशर उतरलं, त्यांचं तसंच राहिलं. आता कागदावर 'मीठ बाधत नाही' असं लिहिलं जाणार होतं. गेल्या वर्षीच प्रेशर वाढून त्यांचं तोंड वाकडं होऊन जागेवर आलं होतं.

लघवीच्या तपासणीचा कागद सांगलीहून आला; सासूबाईंच्या डब्यात मीठ पहिल्याइतकंच होतं. बाई चुलीपाशी आल्या. "मीठ कुणी घातलं?"

"मी."

रागावल्या नाहीत. नवा डबा काढून पुढे ठेवला. "मग पुन्हा सात दिवस."

बाईंबरोबर आलेली माणसं परत गेली. एका म्हातारीसाठी बाई आमच्या घरी राहिल्या, तिच्याच पंगतीला बसून आळणी जेवल्या.

"आवं बाई, तुमी कशापायी जिभेचं हाल करताय?"

"तुमच्या सोबतीला."

सासूबाईंनी ताट पुढं ओढलं. सातव्या दिवशी प्रेशर उतरलेलं होतं. "आजी, तुम्हाला मीठ बाधतं."

"एवढं शिकून आत्ता कळलं व्हय?"

पुढं त्या अभ्यासाचं काय झालं, आम्हाला कळलं नाही. बाई परत आल्या नाहीत. सासूबाई अजून आळणी खातात आणि रोज बाईंच्या नावानं बोटं मोडतात.

बाई निघाल्या त्या दिवशी सांगलीच्या एसटीत मीच त्यांना बसवून दिलं होतं. 'चुकले' एवढं तरी म्हणायचं ठरवून खिडकीखाली गेले. डब्यांची पेटी मांडीवर घट्ट धरून, गाडी हलायच्या आधीच, त्या झोपल्या होत्या.