बांगड्याचा पट्टा

“ह्या काय जमला नाय,” असं म्हणून आबा विणलेली वेणी उजेडाकडे धरायचे, तोंड वाकडं करायचे आणि सगळे पेड पुन्हा सोडून टाकायचे. देवबागला आमच्या घराला लागूनच त्यांची जाळ्यांची खोपी होती. पाहुण्यांच्या खोल्यांमधल्या चादरी पडवीत वाळत घालताना मी हा खेळ रोज बघत असे.

आता तुम्ही म्हणाल, नसेल येत म्हाताऱ्याला. तर ऐका. ज्यातून माणूस आरपार जाईल एवढं जाळ्याचं भोक आबा दोन चहांच्या मध्ये सांधून द्यायचे. जन्म समुद्रावर गेलेला. पावसात होड्या वर ओढल्या की अर्ध्या गावाची जाळी त्यांच्या खोपीत येऊन पडत. बोलणं मात्र तिरकस. मी इन्सुलीची, हमरस्त्यावरच्या गावची. लग्न होऊन इथे आले तेव्हा त्यांनी मला विचारलं, “गो बाय, तुमच्याकडे मासे ट्रकातसून येतत मां?” मीही कसली गप्प बसते! “येतत. तुमच्यापेक्षा ताजे,” म्हटलं. तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांच्या कुत्र्याचं नाव बांगडो. पाठीवर बांगडा माशासारखे काळे पट्टे होते म्हणून. पिल्लू असल्यापासून तो आबांच्या होडीतच वाढला. पुढे आबांचे गुडघे गेले, मुलगा गोव्याला हॉटेलात लागला, आणि त्यांनी होडी वाडीतल्याच एकाला विकून टाकली. माणसांना ते कळलं. बांगड्याला कोण सांगणार? त्या होडीचं इंजिन सुरू झालं की तो पाण्यात उडी घ्यायचा आणि मागून पोहत सुटायचा. आबा होडीतच आहेत अशी त्याची खात्री.

खाडी समुद्राला मिळते तिथली ओढ भल्याभल्यांना झेपत नाही. दोनदा त्या होडीवाल्याने त्याला बुडता बुडता वर ओढून घेतला. दुसऱ्या वेळी, पावसाच्या तोंडावर, तो भिजलेला कुत्रा घेऊन आला आणि आबांसमोर हात जोडून उभा राहिला. “आबा, ह्यो येकदा बुडलो तर माका जन्माचा पाप लागात. त्येका बांदून घाला.”

“नारळी पुनवेच्या आदी पट्टो करतंय,” आबा म्हणाले. पुनवेला समुद्राला नारळ दिला की मगच आमच्या होड्या पाण्यात उतरतात. तोवर सगळा पावसाळा हातात होता.

पट्टा कशाचा करायचा यावरच बरेच दिवस गेले. जाळ्याचा नायलॉनी तंगूस मानेला कापेल. नवी दोरी टोचेल. शेवटी जुन्या रापणीच्या, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, काठाची दोरी निघाली, वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात मऊ झालेली. तिच्या चार पेडांची वेणी आबा सकाळी घालत आणि संध्याकाळी सोडत. बांगडो त्यांच्या पायाशी पडून ते सगळं बघायचा. मधूनच सुटलेला पेड तोंडात धरून पळायचा. मग आबांच्या शिव्या आणि त्याचं शेपूट हलवणं. वाडीतली माणसं येता-जाता चिडवायची, “आबानू, पट्टो ह्या पुनवेक की पुढच्या?” आमच्याकडच्या एका पुण्याच्या पाहुण्याने तर दुकानातला चांगला पट्टा मागवून देतो म्हटलं.

“नको ओ,” आबा म्हणाले. “दुसऱ्याचो पट्टो गळ्यात बघून त्येका वाटात, होडयेबरोबर मी त्येकाय विकलंय.”

एका दुपारी मी ती वेणी सोडायच्या आधीच त्यांच्या हातातून काढून घेतली. ओढून बघितली. एकही पेड सैल नव्हता, कुठे गाठ नव्हती. इतकी सुंदर वेणी मी माझ्या लेकीची कधी घातली नाही.

“आबा, ह्यात वायट काय आसा?”

ते बांगड्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “इतकी वर्सा माका सोडून खंय गेलो नाय तो. आता मी त्येका बांदू?”

मी वेणी परत दिली. त्यांनी ती सोडली.

पुनवेच्या दिवशी सगळं गाव किनाऱ्यावर. आबाही आले. “आज मी आसंय मां धरूक,” म्हणत बांगड्याला मांडीत आवळून वाळूत बसले. नारळ दिला, होड्या उतरल्या. एकामागून एक इंजिनं सुरू झाली आणि त्यांत ते ओळखीचं इंजिन वाजलं. बांगड्याने असा हिसडा दिला की आबा मागे वाळूत पडले. गुडघे धरत उठले तोवर तो लाटेपलीकडे गेला होता. आबा कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ओरडत होते, “बांगड्या, मी हय आसंय रे! हय!”

इंजिनांच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? होडीवाल्याने पाहिलं, होडी वळवली, पण ओढीने आपलं काम केलं होतं. अंधार पडेपर्यंत सगळे शोधत राहिले. काही सापडलं नाही. होडीवाला माझ्या पडवीत बसून लहान मुलासारखा रडला.

आबा त्याच वर्षी थंडीत गेले. झोपेतच. खोपीला आता कुलूप आहे आणि गावची जाळी सांधायला मालवणला जातात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पुनवेनंतरची ती सकाळच येते.

मी चहा घेऊन गेले तर आबा पट्टा विणत बसले होते. हात भराभर चालत होते. वेणी पुरी झाली. मी वाट बघत राहिले, पण त्यांनी ती उजेडाकडे धरली नाही की सोडली नाही. “तेवाच करूक होयो हुतो गो,” एवढंच म्हणाले. मला रडू आवरेना.

मग पट्ट्याची दोन टोकं जोडायची वेळ आली. मापासाठी आबांचा हात सवयीने पायाशी गेला. तिथे नुसती माती होती. हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं हवेत जुळवून एक गोल केला. जेवढी मान होती तेवढाच, जराही कमी-जास्त नाही.

“भोवतीन दोरी तू फिरय गो बाय,” ते म्हणाले. “माका हात सोडूचे नाय.”