गिळलेला खोकला

आमच्या यांची शेवटची पोस्टिंग डोंगरातल्या एका पोस्टवर होती. तिथे कुटुंब नेता येत नसे. मी लाखांदूरजवळच्या आमच्या गावी राहत होते. हवालदार म्हणून पेन्शनवर हे घरी आले, तेव्हा सोबत काळी ट्रंक, बिस्तरा आणि थर्मास एवढंच सामान होतं. आल्याबरोबर त्यांनी घराभोवती एक चक्कर मारली, विहिरीचा दोर ओढून पाहिला आणि मला विचारलं, "मेन गेटले कडी काहून नाही?"

आमच्याकडे मेन गेट नव्हतं. बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं.

त्यानंतर घर त्यांच्या हिशेबानं चालू लागलं. पहाटे पाचला उठायचं. तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, चालून यायचं. दाढी रोज. चपलेलासुद्धा पॉलिश. जेवायला बसले की नात त्यांच्या मांडीवर बसायची आणि त्यांच्याच ताटातलं खायची. गावात त्यांना सगळे फौजी म्हणत. धानाच्या शेताच्या दोन बांध्या होत्या, त्यांचं सगळं हेच पाहायचे. बोलायचे कमी. आजारपणाबद्दल तर मुळीच नाही. त्यांच्या पलटणीत जो जवान सारखा सिक रिपोर्ट करून डॉक्टरकडे जाई, त्याला कामचोर म्हणत.

खोकला धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुरू झाला. मला तो उशिरा समजला, कारण आवाज नव्हता. हे बसल्या बसल्या एकदम ताठ होत. ओठ मिटलेले. गळ्याची घाटी वर जाई, खाली येई. डोळ्यांत पाणी येई. मग नाकानं हळू श्वास सोडत आणि पुढचं काम हातात घेत. संध्याकाळी अंग तापलेलं असे. सकाळी बनियन ओलं असे. पट्ट्याला त्यांनी खिळ्यानं नवं भोक पाडलं, आणि काही दिवसांनी आणखी एक.

आमच्या गावची आशा सेविका रेखा घरोघरी विचारत आली. "दोन हप्त्यांच्या वर कोनाले खोकला हाय का?"

"नाही," हे म्हणाले.

"फौजीमामा, वजन उतरून राहिलं तुमचं."

"पीटी करतो."

"पीटी तं तुमी मागच्या सालीबी करत होते. तेवा तं गाल होते."

तिनं बेडका तपासायची डबी पिशवीतून काढून पुढे ठेवली. रेखा ओट्यावर बसूनच राहिली. तिनं चहा मागितला, तो संपवला आणि दुसरा मागितला. शेवटी हे उठले आणि म्हणाले, "दे ते डबी."

डबी घेऊन ते घरामागे गेले आणि लगेच परत आले. झाकण घट्ट लावलेलं, डबी बाहेरून पुसलेली. आत पाण्यासारखं पातळ काहीतरी होतं. रेखा डबीकडे पाहत राहिली. "मामा, हे तं थुंकी दिसते. बेडका पाहिजे."

"जे हाय ते हाय."

तिनं तीच नेली. तपासणीत टीबीचे जंतू दिसले नाहीत. हे तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन आले, गोळ्या घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, "एरिया क्लिअर." डॉक्टर मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. या गोळ्यांनी खोकला थांबला नाही तर परत या, छातीचा फोटो काढू. ते वाक्य यांनी घरी आणलंच नाही. मला ते नंतर दवाखान्यातच कळलं.

धान कापणीला आलं. त्या दिवशी आम्ही दोघं बांधीत होतो. हे भारा उचलायला वाकले आणि भारा तिथेच सोडून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसले. तोंडाला रुमाल लावला. रुमाल पाहिला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. मी विळा खाली ठेवला, त्यांच्याजवळ गेले आणि खिशातून रुमाल काढला. यापूर्वी मी कधी त्यांच्या खिशात हात घातला नव्हता.

"हे काय हाय?"

"दातातून आलं."

"पुढचे दात तं तुमचे नकली हायेत."

ते तलावाकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "उद्याच्या बसनं जायचं."

"धान उभं हाय."

"धान उभं राहू द्या. तुमाले उभं राहता येऊन नाही राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही लाखांदूरला गेलो. दवाखान्यात हे मॅडमसमोर पाठ ताठ करून बसले. मी पिशवी धरून दाराशी उभी राहिले. अशा ठिकाणी हे बोलतात, मी पिशवी धरते. नेहमीचं तसंच होतं.

"खोकला आहे?"

"थोडा आहे, मॅडम."

"बेडका पडतो?"

"नाही, मॅडम."

"मागच्या वेळी तपासणीत काही आलं नव्हतं," मॅडम कागद पाहत म्हणाल्या.

हे नुसती मान हलवून उठायला लागले. मला वाटलं, आता हे उठले की परत या खुर्चीवर बसणार नाहीत.

"गिळतात," मी म्हटलं.

"काय म्हणालात?"

माझा आवाज मलाच ऐकू आला नव्हता. मी पुन्हा म्हटलं, "खोकला गिळतात ते. डबीत थुंकी होती."

आपल्याच बाजूनं गोळी आल्यासारखं यांनी माझ्याकडे पाहिलं. मॅडमनी पेन खाली ठेवला. "बसा, काका. खोकला गिळता म्हणजे काय करता?"

ते पुन्हा खुर्चीत ताठ बसले. मग रिपोर्ट देतात तसं त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं.

"अॅम्बुशची ड्यूटी असते, मॅडम. वाटेच्या कडेला दबून पडून राहायचं. थंडी लई. निघायच्या आधी सुभेदार साहेब लाइनीत उभं करून सांगत, 'आवाज नहीं होगी. खाँसी आए तो निगल जाओ.' रेडिओवरसुद्धा बोलत नव्हतो. बटन दोनदा दाबलं की समजायचं, सब ठीक. एक जण खोकलला तर सगळे मारले जातात. मग आदत पडते. जीभ टाळूले लावायची, गिळायचं, श्वास नाकानं सोडायचा."

"आता अॅम्बुश नाही, काका."

"हो, मॅडम. समजते. पण अंग ऐकत नाही."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लगेच छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत उजव्या बाजूला वर डाग होता. त्या म्हणाल्या, "मला टीबीच वाटतो. पण जंतू हाती यायला पाहिजेत. कोणतं औषध त्यांच्यावर चालेल, तेही मशीनवर त्यातूनच कळतं. मला छातीतलं पाहिजे, तोंडातलं नाही. उद्या सकाळी उठल्यावर चूळ भरा. उघड्यावर, माणसांपासून दूर उभे राहा. खोल श्वास घ्या, थोडा धरा आणि पोटातून जोर लावून खोका. लाजायचं नाही." शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे पाहून का म्हणाल्या, कोण जाणे. यांना त्यांनी नवी डबी आणि मास्क दिला. बसमध्ये यांनी मास्क एकदाही काढला नाही. ऑर्डर होती.

सकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर गेलो. गावाकडून दूर, मोहाच्या झाडाजवळ. यांनी चूळ भरली. श्वास घेतला. धरला. घाटी वर गेली आणि खाली आली. गेलं गिळून. पुन्हा श्वास घेतला. पुन्हा तेच. चेहरा लाल झाला, डोळे भरले, पण आवाज फुटेना. डबी हातात कोरडी.

"होत नाही," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हे शब्द मी तोपर्यंत ऐकले नव्हते.

पलीकडे घाटावर बायका धुणं धूत होत्या. ढीवर मासे धरायला डोंगे सोडत होते. मी पदर कमरेला खोचला आणि खोकले. मोठ्यानं. पोटापासून. पुन्हा खोकले. पाण्यावरून आवाज पलीकडे गेला. धुण्याचे हात थांबले. हे माझ्याकडे पाहत होते.

"असं," मी म्हटलं. "खोका आता."

घाटावरून एक बाई ओरडली, "काय वो सुमनबाई! दोघंबी सकाळपासून खोकलून राहिले! दंडारीची तालीम हाय का?"

बायका हसल्या. दुसरी म्हणाली, "फौजीले सोंग कोनतं देल्लं वो?"

आणि हे हसले. हसू आलं तसा खोकला आला. हसता हसता गिळायला सापडला नाही. ते वाकले, एका हातानं मोहाचं खोड धरलं आणि खोकत राहिले. तो आवाज फार खोलातून येत होता. पलीकडच्या बायकांचं हसणं थांबलं. मी डबी त्यांच्या तोंडाजवळ धरली. घट्ट, पिवळा, त्यात लाल धागा असलेला बेडका पडला. त्यांनी तोंड पुसलं, झाकण स्वतः फिरवलं आणि म्हणाले, "सापडला."

रिपोर्ट आला. टीबीच होता. नेहमीची औषधं चालतील, असंही त्यात होतं. सहा महिन्यांचा कोर्स. सुरुवातीचे दोन महिने गोळ्या जास्त, मग थोड्या कमी. मॅडमनी शुगर आणि इतर तपासण्या केल्या. घरातल्या सगळ्यांना बोलावलं. मी, मुलगा आणि सून ठीक निघालो. नातीलाही आजार नव्हता, पण ती लहान, आणि आजोबांच्या मांडीवर बसून जेवणारी. म्हणून तिला होऊ नये यासाठी वेगळं औषध सुरू केलं. त्या दिवशी घरी आल्यावर हे तिच्याजवळ गेले नाहीत. दारातून तिचं खेळणं पाहत राहिले.

औषधाच्या बाबतीत मला काही करावं लागलं नाही. रोज सकाळी रेखा आली की हे तिच्यासमोर गोळ्या घेत, पाणी पीत आणि तोंड उघडून दाखवत. पहिल्याच दिवशी मोरीतून बाहेर येऊन त्यांनी मला रिपोर्ट दिला, "लघवी लाल आहे. गोळ्यांनी होते म्हणून रेखानं सांगितलं होतं, तशीच." मधे मळमळ व्हायची, जेवण जात नसे. तरी गोळी चुकली नाही. दोन महिन्यांनी ताप गेला, भूक लागली. गावातला एक जण पाळीवर म्हणाला, "फौजी, आता तं बरा दिसतेस गा. कायले खातेस एवढ्या गोळ्या?"

हे म्हणाले, "ऑर्डर आल्याबिगर पोस्ट सोडत नसतात."

शेवटच्या तपासणीत काही निघालं नाही. मॅडम म्हणाल्या, बरे झालात. पुढेही मधून मधून दाखवायला या. त्या दिवशी परतीच्या एसटीत गर्दी कमी होती. हे खिडकीशी बसले होते. लाखांदूर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुले कसं समजलं? मी गिळतो ते. पलटणीत डॉक्टरलेबी समजत नव्हतं."

मी मांडीवरची पिशवी नीट धरली. मग सांगितलं.

माझी मोठी बहीण शेवंता. तिला नदीपलीकडच्या गावी दिली होती. तिच्या घरी सासरे दिवसभर ओसरीत बसत. सुनेचा आवाज ओसरीपर्यंत जायचा नाही, अशी त्या घरची रीत. हसण्याचा नाही, रडण्याचा नाही, खोकल्याचाही नाही. ती पोळ्याला माहेरी आली तेव्हा बारीक झाली होती. माझ्याजवळ निजली होती. घाटी वर जाई, खाली येई, डोळ्यांतून पाणी येई. मी विचारलं, बाई, तू काय करून राहिली? ती म्हणाली, खोकला गिळायले शीक. तुलेबी एक दिवस सासरी जायचं हाय. आणि तिनं मला शिकवलं. पुढच्या पोळ्याला ती नव्हती. सासरचे म्हणाले, वाळत गेली. तिला खोकला होता, हे कोणाला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मी दहा वर्षांची होते.

माझी बहीण आमच्या लग्नाआधीच गेली, एवढं यांना ठाऊक होतं. कशानं, ते कोणी कधी विचारलं नव्हतं. हे खिडकीबाहेर पाहत होते. आमचा फाटा आला तेव्हा उठले आणि माझ्या हातातली पिशवी स्वतः घेतली.

यांच्या पलटणीतले दोन जवान त्या शेवटच्या पोस्टवर मारले गेले. दर साली त्यांच्या दिवशी हे सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात उभे राहतात. मी आधी अंगण झाडून ठेवते आणि बाजूला होते. कोणी बोलत नाही. हे सावधान होतात आणि एकेकाची रँक आणि नाव घेतात. मग सॅल्यूट करतात. फार वेळ लागत नाही.

या साली तो दिवस औषध संपल्यावर आला. मी झाडू घेऊन कुंपणाशी उभी होते.

"लान्स नायक दौलत. शिपाई नामदेव."

नेहमी इथे हात वर जातो. या वेळी गेला नाही. ते थोडे थांबले, श्वास घेतला.

"शेवंता."

रँक त्यांनी लावली नाही. नाव मात्र पहिल्या दोन नावांइतकंच मोठ्यानं घेतलं. शेजारच्या ओसरीत ऐकू गेलं असेल.