मोटारीच्या नाकावर ओलं बारदान

माझ्या अक्काचं लग्न एका सुपानं जमलं आणि तीन बारदानांनी जवळजवळ मोडलं होतं. सूप अक्काचं होतं. बारदानं माझी.

गोष्ट निजामाच्या राजवटीतली. ठाणाकुशनूरला आमचा पानमळा होता. विड्याच्या पानांच्या डाली कमलनगरच्या स्टेशनावर पोचवायला आप्पांनी बिदरच्या कुणा जहागीरदाराची मोडीत निघालेली मोटार आणली. आली तेव्हा ती मोटारच होती. मी तिची मागची बैठक कापून तिथं सुताराकडून लाकडी खोका बसवून घेतला. खोका जड झाला म्हणून एका उलटलेल्या लॉरीचं थोरलं इंजिन आणून आत कोंबलं. मग बॉनेट लागेना, म्हणून ते हातोड्यानं ठोकून लावलं. (मला स्वस्थ बसवत नाही. लहानपणी मी घरातलं चालू घड्याळ दुरुस्त केलं होतं. ते अजून बंद आहे.) एवढ्याशा जागेत एवढं मोठं इंजिन बसल्यावर वाऱ्याला शिरायला जागाच उरली नाही, आणि मोटार दर कोसाला उकळायला लागली.

मोटार चालवायला बिदरचे कासिमभाई होते. पन्नाशीचे, शांत, आणि माझ्यामुळं दिवसेंदिवस जास्त धार्मिक होत चाललेले.

"मियाँ, इंजन का दम घुट रा," ते म्हणायचे. "बॉनट का एक पल्ला निकाल के रख दो. हवा आती-जाती रहती."

"पण दिसेल कसं ते?"

"ठंडा दिसता!"

उपाय इतका सोपा होता की मला त्यात काही करण्यासारखं वाटेना. म्हणून तो मी केला नाही.

अशात चैत्रात उदगीरहून पत्र आलं. गोविंदराव नावाचे गृहस्थ आपल्या मुलासाठी आमच्या अक्काला बघायला बेस्तरवारच्या, म्हणजे गुरुवारच्या, गाडीनं कमलनगरला उतरणार होते. 'आपल्याकडे मोटार असल्याचे कळते,' असंही पत्रात होतं. म्हणजे बैलगाडी पाठवायची सोय राहिली नाही.

अक्कासाठी याआधी दोन स्थळं येऊन परत गेली होती. पहिल्या वेळी पत्रिका आडवी आली, दुसऱ्या वेळी मी. (पाहुण्यांच्या मानासाठी मी बैलगाडीला हिरवा रंग दिला होता. तो वाळला असता तर काही बिघडलं नसतं. पण पाहुण्यांची धोतरं शुभ्र होती.) आणि हे तिसरं स्थळ अक्काच्या मनातलं होतं. तिनं मुलाला मावसबहिणीच्या लग्नात पंगत वाढताना पाहिलं होतं. एका म्हाताऱ्याला मीठ हवं होतं आणि कुणाचं लक्ष नव्हतं, ते यानं न सांगता आणून दिलं. तेवढ्यावर अक्का वर्षभर थांबली होती.

पत्र आलं त्या संध्याकाळी तिनं मला माडीच्या पायरीवर गाठलं.

"बापू, पाया पडते तुझ्या. बेस्तरवारी कायबी करू नको. नुसतं जा, आन नुसतं ये."

"काय करायलोय मी?"

"तेच म्हणायले. कायच करू नको."

मी वचन दिलं. देतादेताच माझ्या डोक्यात बारदान आलं!

आमच्या पानवाल्यांच्या घरात ओल्या बारदानावर देवाखालोखाल श्रद्धा. पान ओल्या बारदानात गुंडाळलं की हैदराबादेपर्यंत हिरवंगार पोचतं. म्हणून पाण्याचा माठ असो, दह्याचं गाडगं असो, नाहीतर ताप आलेला आमचा चुलता असो, आम्ही आधी त्यावर ओलं बारदान टाकतो. मग इंजिनापुढं टांगलं तर? वारा बारदानातून गाळून आत जाणार, म्हणजे गारच जाणार! मी घाईघाईनं आप्पांना विचारलं.

आप्पा विचारात पडले. "पानाला चालतंय," ते म्हणाले, "मग इंजनाला कामून चालत न्हाई?"

मी प्रयोगही केला. मोटारीच्या जाळीपुढं ओलं बारदान टांगलं आणि मागं हात धरला. गार! आप्पांनी हात धरला. गार! कासिमभाईंनी मात्र हात धरला नाही.

"मियाँ," ते म्हणाले, "इंजन तो बंद है."

हा मुद्दा मला तेव्हा किरकोळ वाटला.

बेस्तरवारी जाताना काही अडलं नाही. कासिमभाईंनी गुपचूप बॉनेटचा एका बाजूचा पल्ला काढून खोक्यात टाकला होता, आणि चार-पाच कोस मोटार हूं की चूं न करता गेली. मी मात्र वाटभर चुळबुळत होतो. स्टेशनावर कासिमभाई चहाला गेल्याबरोबर मी पल्ला परत ठोकून बसवला, बारदान भिजवलं आणि सुतळीनं मोटारीच्या नाकावर बांधलं. जरा पातळ वाटलं, म्हणून वर दुसरं बांधलं.

गाडी आली. गोविंदराव उतरले. पांढरी शेरवानी, पांढरा रुमाल, हातात कागदाची घडी. कागदावर मुलीला विचारायचे प्रश्न होते, अनुक्रमानं! त्यांनी मोटारीकडं पाहिलं.

"हिच्या तोंडाला काय झालंय?"

"काय न्हाई काका. गार हवा जाण्याची सोय हाय."

चहा पिऊन आलेल्या कासिमभाईंनी ते पाहून डोळे मिटले आणि ओठ हलवले.

मानाची जागा म्हणून गोविंदरावांना पुढं बसवलं. मी मागं खोक्यात पाण्याची घागर घेऊन. पहिला अर्धा कोस उत्तम गेला. मग गोविंदरावांच्या पायाखालून चुर्र असा आवाज यायला लागला.

"कायतरी शिजायलंय," गोविंदराव म्हणाले.

"थांबा, थांबा!" मी उडी मारून बारदानांवर घागर रिकामी केली. वाफ उठली. मला वाटलं, गुण यायलाय!

दर पाच मिनिटांनी मी उडी मारायचो, जी विहीर दिसेल तिच्यातून घागर भरून आणायचो आणि ओतायचो. मोटार जितकी तापे तितकं मला वाटे, बारदान कमी पडायलंय. गाव एका कोसावर राहिलं तेव्हा मी तिसरं बांधलं.

"मियाँ, नक्को!" कासिमभाई हात जोडून म्हणाले. "इंजन कू कफन पहना रै क्या?"

"कासिमभाई, मोटार कुणाची हाय?"

"अल्ला की," ते म्हणाले. "अब उसीच कू संभालने दो."

आमच्या घरामागच्या खळ्यापाशी पोचलो आणि धडाम! इंजिनाच्या पाण्याचं झाकण तोफेसारखं उडालं. गंजलेल्या पाण्याचं कारंजं वर गेलं, हवेत जरा थांबलं, आणि सावकाश गोविंदरावांच्या शेरवानीवर उतरलं. नशीब, उतरेपर्यंत ते कोमट झालं होतं. प्रश्नांचा कागद तांबडा झाला. मोटार एकदा कण्हली आणि गप्प झाली.

गोविंदराव खाली उतरले. रुमाल काढून पिळला.

"परतीची गाडी कवा हाय?"

"काका, घर हितंच हाय. हे काय, पन्नास पावलं..."

"परतीची गाडी कवा हाय, इचारायलोय!"

"सांजच्याला," मी म्हणालो. घराच्या मागच्या दारात आप्पा उभे होते, हात जोडून. गोविंदराव उन्हात पायी कमलनगरची वाट धरायला वळलेसुद्धा. मला रडू यायला लागलं. घड्याळ बंद पडलं ते पडलं. हे अक्काचं होतं.

तेवढ्यात आप्पांना बाजूला सारून अक्काच बाहेर आली. हिरवं लुगडं, कपाळावर कुंकवाची चिरी, डोक्यात अबोली, म्हणजे दाखवायला नटवून बसवलेली. तिनं शेरवानी पाहिली, बारदानं पाहिली, मग मला पाहिलं. मला वाटलं, आता ही मारणार. पण ती गोविंदरावांकडं वळली.

"काका, उन्हाचं चालत जाऊ नका. ऊन लागंल. स्थळ पसंत न्हाई तर न्हाई. मोटार नीट करून देते, बसून जावा."

"तू? मोटार?"

अक्कानं खळ्यावरच्या विळ्यानं सुतळी कापून तिन्ही बारदानं माझ्या अंगावर फेकली.

"बापू, खळ्यावर उपणताना वाऱ्याच्या तोंडाला बारदान टांगतोस का रे?"

"न्हाई."

"मग हितं कामून टांगलास? आलेला वारा भाईरच अडवायलास, आन आतली ऊन हवा आतच कोंडायलास!"

"मैं येईच बोला था," कासिमभाई हळूच म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.

अक्कानं बॉनेटचे दोन्ही पल्ले काढायला लावले. खळ्यावरचं सूप आणून तिनं एका बाजूला बांधलं, उघडी कड पुढं करून, म्हणजे समोरचा वारा सुपात शिरून इंजिनावर वळेल. दुसरी बाजू मोकळी ठेवली. "हिकडून आला की तिकडून जाईल," ती म्हणाली. इंजिन निवेपर्यंत तिनं कुणालाही पाणी ओतू दिलं नाही. मला तर घागरीजवळही फिरकू दिलं नाही. मग कासिमभाईंनी इंजिनात पाणी भरलं, उडालेलं झाकण शोधून लावलं आणि खळ्याभोवती तीन फेरे मारून दाखवले. मोटार उकळली नाही.

गोविंदराव बांधावर बसून हे सगळं बघत होते. त्यांनी तो तांबडा कागद उलगडून पाहिला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"आप्पा," ते म्हणाले, "मुलगी बघायला आलतो. बघितली. आता चहा तरी पाजा."

अक्काला तेव्हा कुठं आठवलं की आज आपल्याला बघायला आले आहेत. ती लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून अशी घरात पळाली की सुपाची उरलेली सुतळी हातातच राहिली. चहा तिनंच आणला. मी मात्र उगाच रडलो. (वाफेनं, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

लग्न उदगीरला ठरलं. गोविंदरावांनी मानपान मागितला नाही की काही नाही. एकच अट घातली, तीही चारचौघांत: वऱ्हाड मोटारीनं आणा, पण नवरीच्या भावाला मोटारीपासून लांब ठेवा.

त्याप्रमाणे कासिमभाई अक्काला आणि आप्पांना घेऊन पुढं गेले. मोटारीला तोरण होतं आणि सुपाला हळदकुंकू. मी मागून बैलगाडीत, आहेराच्या भांड्यांबरोबर. ऊन मी म्हणत होतं. बैल धापा टाकायला लागले तसा मला दम निघेना. पायाशी बारदान होतं, कळशीत पाणी होतं. मी हळूच बारदान भिजवलं.

गाडीवानानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मालक," तो म्हणाला, "बैलायला हात लावू नका. चांगले चालायलेत."